सिद्धांताच्या पेपरची धास्ती आणि त्यापलीकडले

समाजशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षात एक पेपर असा असतो, की त्याचे नाव निघताच वर्गातले संभाषण थबकते. कुटुंब, ग्रामीण समाज, स्त्री-अभ्यास, नागरी प्रश्न हे विषय विद्यार्थ्यांना ओळखीचे वाटतात. त्यांविषयी प्रत्येकाला काही ना काही सांगता येते. ‘अभिजात समाजशास्त्रीय सिद्धांत’ या पेपरचे तसे नाही. कार्ल मार्क्स, एमिल दुर्खीम आणि मॅक्स वेबर हे तीन युरोपीय विचारवंत, त्यांचे जाडजूड ग्रंथ आणि त्यांतील संकल्पनांची लांबलचक मालिका विद्यार्थ्यांपुढे उभी राहते. यांपैकी एकाचे नाव तर नेमके कसे उच्चारावे, येथूनच प्रश्न सुरू होतो. कोणी दुर्खीम म्हणतो, कोणी डरखाईम, तर कोणी द्यूरकेम.

हा पेपर टाळताही येत नाही. महाविद्यालयीन अध्यापनासाठीच्या ‘नेट’ परीक्षेच्या अभ्यासक्रमात सिद्धांताचे स्थान अगदी आरंभीचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांनाही मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन आणि मीड हे सहा विचारवंत अभ्यासावे लागतात. साहजिकच या पेपरशी जडणारे नाते बहुतेकांच्या बाबतीत गुणांपुरते राहते. तथापि ज्यांना तो उमगतो त्यांच्यासाठी तो अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा अनुभव ठरतो. एकाच पेपरचे असे दोन टोकांचे अनुभव का येतात, हे समजून घेण्याजोगे आहे.

शतकाची परंपरा

महाराष्ट्राला समाजशास्त्राच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. 1924 मध्ये त्याची धुरा डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे आली आणि पुढील तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी या विषयाला आकार दिला. इरावती कर्वे, म. न. श्रीनिवास, अ. र. देसाई हे नामवंत अभ्यासक त्यांच्या हाताखाली शिकले. कर्वे यांनी नातेसंबंधांचा, श्रीनिवास यांनी जातिव्यवस्थेतील बदलांचा, तर देसाई यांनी मार्क्सवादी दृष्टीने भारतीय राष्ट्रवादाचा अभ्यास केला. एकाच गुरूचे हे विद्यार्थी तीन वेगळ्या वाटांनी गेले. सिद्धांत शिकणे म्हणजे गुरूचे म्हणणे पाठ करणे नव्हे, हे या परंपरेतूनच दिसून येते.

त्या काळातील वर्ग लहान होते आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. आज चित्र बदलले आहे. पदव्युत्तर वर्गांत तालुक्याच्या गावांतून आलेले, मराठी माध्यमात शिकलेले आणि घरातील पहिलेच पदवीधर असलेले विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर दिसतात. शेतमजुरी, मोलमजुरी, स्थलांतर, जातीय अवहेलना यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. ज्या गोष्टींचे स्पष्टीकरण देण्यासाठी सिद्धांत जन्माला आले, त्या गोष्टी त्यांनी जवळून पाहिलेल्या असतात. तरीही सिद्धांताच्या तासाला हेच विद्यार्थी अनेकदा मूक होतात.

शब्दांपाशी अडणारी गाडी

या मौनाचे पहिले कारण परिभाषेत आहे. वेबर यांच्या ‘आदर्श प्रारूप’ या संकल्पनेचे उदाहरण पाहावे. वास्तवातील काही वैशिष्ट्ये वेचून, ती ठळक करून अभ्यासकाने आपल्या मनात तयार केलेला नमुना, असा तिचा अर्थ. प्रत्यक्षातील कार्यालय त्या नमुन्याच्या शेजारी ठेवून साम्य आणि फरक तपासायचे असतात. परंतु मराठीत ‘आदर्श’ म्हटले की आदर्श शिक्षक, आदर्श गाव हेच डोळ्यांसमोर येते. मग उत्तरपत्रिकेत ‘वेबर यांना नोकरशाही आदर्श वाटत होती’ असे वाक्य उमटते आणि संपूर्ण संकल्पना उलटी होते.

‘वर्ग’ या शब्दाचीही तीच गत. मराठीत शाळेचा वर्ग असतो, सरकारी नोकरीतील वर्ग एक आणि वर्ग दोन असतात, शिवाय मागासवर्गही असतो. मागासवर्ग हा शब्द प्रामुख्याने जातींच्या संदर्भात वापरला जातो. मार्क्स यांचा वर्ग उत्पादनाच्या साधनांवरील मालकीतून ठरतो. वेबर यांनी आर्थिक वर्ग आणि सामाजिक प्रतिष्ठेवर आधारलेला दर्जा-गट यांत भेद केला. रोजच्या भाषेत एकमेकांत मिसळलेले हे अर्थ वेगळे करून दाखवले नाहीत, तर पुढची सारी चर्चा धुक्यात हरवते.

दुर्खीम यांच्या 1893 च्या श्रमविभागणीवरील ग्रंथात तर गोंधळाला भरपूर वाव आहे. साध्या, पारंपरिक समाजातील ऐक्याला ते ‘यांत्रिक’ म्हणतात आणि आधुनिक औद्योगिक समाजातील ऐक्याला ‘सावयवी’. यंत्रे तर आधुनिक समाजात असतात, मग यांत्रिक ऐक्य जुन्या समाजात कसे, हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या वर्गात विचारला जातो. तो मुळीच बाळबोध नाही. परस्परांसारखीच असलेली माणसे सारख्या श्रद्धांमुळे एकत्र राहतात, ते यांत्रिक. भिन्न कामे करणारी माणसे शरीरातील अवयवांप्रमाणे एकमेकांवर अवलंबून असल्याने एकत्र राहतात, ते सावयवी. दुर्खीम यांचा आधार यंत्रांच्या संख्येचा नव्हता, तर माणसे कशाने जोडली जातात याचा होता. प्रश्न विचारण्याचे धाडस करणाऱ्या विद्यार्थ्याला हे एकदाच समजावे लागते. गप्प राहणारा मात्र दोन्ही व्याख्या पाठ करतो आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतो.

काही मराठी शब्द मात्र मूळ कल्पनेला विलक्षण न्याय देतात. ‘वरकड मूल्य’ हा शब्द ऐकताच मजुरीपलीकडे उरलेले आणि मालकाच्या हाती गेलेले असे काहीतरी मनात येते. दुर्बोधतेचा दोष भाषेचा नसून शब्द कसे योजले आणि कसे समजावले याचा आहे, हे अशा उदाहरणांवरून ध्यानात येते.

इंग्रजी वाचणाराही अनुवादच वाचतो

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या मनात एक न्यूनगंड घर करून असतो. इंग्रजी येणाऱ्यांना मूळ ग्रंथ कळतात आणि आपल्याला मात्र भाषांतरावर भागवावे लागते, ही ती भावना. वस्तुस्थिती निराळी आहे. मार्क्स आणि वेबर यांनी प्रामुख्याने जर्मनमध्ये लिहिले, दुर्खीम यांनी फ्रेंचमध्ये. इंग्रजी वाचकही अनुवादच वाचत असतो.

अनुवादाने अर्थ कसा वळतो याचे प्रसिद्ध उदाहरण वेबर यांचेच आहे. प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची प्रेरणा यांवरील त्यांचा निबंध 1904-05 मध्ये प्रसिद्ध झाला. टॅल्कट पार्सन्स यांनी 1930 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्यातील ‘लोखंडी पिंजरा’ ही प्रतिमा जगभर गाजली. मूळ जर्मन शब्दांचा रोख मात्र पोलादासारख्या कठीण कवचाकडे आहे. पिंजऱ्यातून बाहेर पडता येते. कवच हे अंगाचाच भाग होऊन बसते. नंतरच्या अनुवादकांनी ही छटा दाखवून दिली. एवढा एक तपशील वर्गात सांगितला गेला, तरी अनेक विद्यार्थ्यांच्या मनावरील दडपण उतरते.

संकल्पना गावात येते तेव्हा

सिद्धांताची गोडी लागण्याचा क्षण बहुधा उदाहरणापाशी येतो. बलुतेदारी हे त्यांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात जुन्या मराठी गावाची रचना तपशिलाने आली आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशी कामांची विभागणी गावात होती आणि लोक एकमेकांवर अवलंबूनही होते. मग हे ऐक्य सावयवी म्हणायचे का? परंतु कामे तर जन्माने ठरलेली, आणि रूढींचा पगडा यांत्रिक ऐक्यात असतो तसा घट्ट. दुर्खीम यांची विभागणी येथे अपुरी पडते. विद्यार्थी जरा खोल गेला तर त्याला दिसते, की त्याच ग्रंथात दुर्खीम यांनी ‘सक्तीच्या श्रमविभागणी’चा विचार केला आहे आणि तेथे जातीचा उल्लेखही आहे. सिद्धांत वापरून पाहणे, तो कोठे तोकडा पडतो हे शोधणे आणि पुन्हा ग्रंथाकडे वळणे, या फेरीतच खरे शिक्षण असते.

मार्क्स यांच्याबाबतही असेच घडते. मुंबई-ठाणे रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी धावली. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मधील लेखात मार्क्स यांनी असे भाकीत केले, की रेल्वेपाठोपाठ येणारे आधुनिक उद्योग जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. मुंबईच्या कापड गिरण्यांनी या भाकिताची परीक्षाच घेतली. गिरण्यांत सर्व जातींचे कामगार आले खरे. पण विणाई खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे विटाळाचा प्रश्न उभा केला जाई. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बाब ठामपणे मांडली. उद्योग आले, पण जात त्यांच्यासोबत कारखान्यात शिरली. लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या विद्यार्थ्याला हा इतिहास दूरचा वाटत नाही.

दुर्खीम यांच्या 1897 च्या आत्महत्येवरील ग्रंथाची चर्चा विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांकडे वळल्यावाचून राहत नाही. येथे शिक्षकाची कसोटी लागते. दुर्खीम एखाद्या व्यक्तीच्या मनातील कारण शोधत नव्हते. समाजासमाजांतील प्रमाण वेगवेगळे का, हे ते विचारत होते. ज्याने आपल्या गावात अशी घटना पाहिली आहे, त्याला हा दृष्टिकोन प्रथम कोरडा वाटतो. पण आकडे मुळात तयार कसे होतात, हा पुढचा प्रश्न येताच चर्चा जिवंत होते. महाराष्ट्रात सरकारी मदतीसाठी अशा प्रकरणांची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी छाननी होते. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, यावर निर्णय ठरतो. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिचे शेतकरी असणे आकड्यात उतरणे अवघड. सामाजिक तथ्य मोजणारी पट्टीही समाजानेच घडवलेली असते, हे अशा वेळी विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर उमगते.

हे तिघेच का?

सजग विद्यार्थ्यांचा एक प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो : या शास्त्राचे जनक हे तिघेच का? हे त्रिकूट काही प्रारंभापासून ठरलेले नव्हते. पार्सन्स यांच्या 1937 च्या गाजलेल्या ग्रंथात मार्शल, परेटो, दुर्खीम आणि वेबर हे चौघे केंद्रस्थानी होते. मार्क्स त्यांत नव्हते. अँथनी गिडन्स यांच्या 1971 च्या ग्रंथाने मार्क्स, दुर्खीम, वेबर या मांडणीला बळ दिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचा 1899 मध्येच सखोल अभ्यास करणारे डू बॉईस दीर्घकाळ अभ्यासक्रमाबाहेर राहिले. काँत यांचा ग्रंथ 1853 मध्ये इंग्रजीत आणणाऱ्या हॅरिएट मार्टिनो या अनुवादापुरत्याच उरल्या.

महाराष्ट्रासाठी या प्रश्नाला आणखी धार आहे. मे 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या मांडण्या तपासून, प्रत्येकीच्या मर्यादा दाखवून त्याने अंतर्विवाह हे जातीचे मर्म असल्याचे प्रतिपादन केले. जातीचा प्रसार कसा झाला हे सांगताना त्याने फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्याच सुमारास भारतात कधीही न आलेले वेबर जर्मनीत हिंदू धर्म आणि जातीवर लिहीत होते. वेबर सिद्धांताच्या पेपरमध्ये आले आणि आंबेडकर मात्र अनेक वर्षे सामाजिक चळवळींच्या प्रकरणापुरते राहिले. आता ‘नेट’च्या अभ्यासक्रमात भारतीय विचारवंतांत त्यांचा समावेश आहे.

प्रा. गोपाळ गुरू यांनी 2002 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात नेमके याच विषमतेवर बोट ठेवले. सिद्धांत मांडण्याचे काम काहींकडे आणि माहिती गोळा करण्याचे काम इतरांकडे, अशी विभागणी समाजशास्त्रांतही आहे, असे त्यांचे म्हणणे. सिद्धांताच्या तासाला गप्प बसणारा विद्यार्थी पुढे सर्वेक्षणाची प्रश्नावली भरून घेणारा म्हणूनच उरणार असेल, तर या पेपरमधील अपयश हे केवळ गुणपत्रिकेतील अपयश राहत नाही.

नोट्सच्या पलीकडे

हे मौन तोडण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. आज अनेक ठिकाणी मूळ लेखनाचे एक पानही न वाचता, तयार नोट्स आणि संभाव्य प्रश्नांच्या आधारे विद्यार्थी उत्तीर्ण होतो. त्याऐवजी प्रत्येक विचारवंताची मोजकी पाने वर्गात सावकाश वाचली, कठीण शब्दांची मराठी-इंग्रजी वही ठेवली आणि प्रत्येक संकल्पनेसाठी आपल्या गावातले वा वस्तीतले एक उदाहरण लिहून आणण्याची सवय लावली, तर चित्र पालटू शकते. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उत्तरे मराठीत लिहिता येतात. प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते. दोन्ही भाषांतील संज्ञा माहीत असणे त्यामुळे व्यवहारातही उपयोगाचे आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये सांगितले, की एकट्याची अडचण आणि साऱ्या समाजाचा प्रश्न यांतील दुवा ओळखणे हेच या शास्त्राचे काम. शिक्षण सुटणे, नोकरी न मिळणे, गाव सोडावे लागणे यांसाठी आजवर स्वतःला वा नशिबाला दोष देणाऱ्या तरुणाला हा दुवा दिसला, की त्याच्या विचाराची दिशा बदलते. आपल्या वाट्याला आलेल्या जगण्याचा अर्थ इतर कोणी लावून द्यावा याची वाट तो पाहत नाही. सिद्धांताच्या पेपरकडून एवढी अपेक्षा ठेवणे गैर नाही.