मूत्रपिंडाच्या कर्करोगातली जनुकांची चुकीची जोडणी

पेणच्या रामवाडीहून मुंबईकडे निघालं, की वाटेत रायगड जिल्ह्यातच खारघरला टाटा स्मारकचं 'अ‍ॅक्ट्रेक' हे कर्करोग केंद्र लागतं, पुढे परळला 1941 साली सुरू झालेलं मूळ रुग्णालय. तिकडे जाताना रुग्ण फाइल, स्कॅन सगळं नेतात. गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे 'ब्लॉक', मात्र राहून जातो. खरं उत्तर बहुधा त्यातच असतं.

मूत्रपिंडाच्या काही दुर्मीळ कर्करोगांत एक जनुक तुटून दुसऱ्याला चिकटतं. एक्स गुणसूत्रावरचं टीएफई3 किंवा सहाव्या गुणसूत्रावरचं टीएफईबी असं भलत्याशी जोडलं गेलं, की पेशींची वाढ आवरत नाही. लहान मुलांत आणि तरुणांत हा प्रकार तुलनेने जास्त दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो नेहमीच्या कर्करोगासारखाच भासू शकतो. म्हणून रुग्ण तरुण असेल, तर शंका घ्यायलाच हवी.

आधी तुकड्यातली प्रथिनं रंगवून पाहतात, पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरला नसेल तर ते फसवतं. मग 'फिश' चाचणी: जनुकाच्या दोन बाजूंना लाल आणि हिरवा ठिपका लावतात. जनुक अखंड असेल तर ठिपके जवळजवळ, तुटलं असेल तर दूर. पण टीएफई3चा जोडीदार आरबीएम10 असेल, तर दोघंही एक्स गुणसूत्रावर शेजारीच असल्याने ठिपके जेमतेम सरकतात आणि अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. अशा वेळी आरएनए वाचणारी चाचणी जोडीदारासकट जोडणी दाखवते.

ब्लॉक मागून घ्या. अगदी जुना असला तरीही.