राजवायूंचा परिचय

पिंप्राळ्यास आषाढी एकादशीच्या रथोत्सवात मुले फुग्यासाठी हट्ट धरतात. वर चढणाऱ्या फुग्यात हायड्रोजन असल्यास तो ठिणगीने भडकतो. हेलियम पेट घेत नाही. हा भेद शिक्षकांनी मुलांस अवश्य सांगावा.

हेलियमच्या अणूचे एकच कवच असते व ते दोन इलेक्ट्रॉनांनी भरते. म्हणून तो कोणाशी संयोग पावत नाही. आवर्त सारणीत त्याच्याखाली निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन व रेडॉन हे राजवायू येतात. त्यांचे बाह्यकवच आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण असते. खाली जावे तसा अणू मोठा होतो व परस्पर आकर्षण वाढते. हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो, तर झेनॉन उणे १०८ अंशांस. मोठ्या अणूत बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून दुरावतात, त्यांवरील पकड सैल होते. म्हणूनच १९६२ साली नील बार्टलेट यांना झेनॉनचे संयुग करता आले. तेव्हा ‘निष्क्रिय’ हा जुना शब्द या सर्वांस सरसकट लावणे बरे नव्हे.

उदाहरण हवे तर अरगॉन वर्गातच आहे. कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे एक भाग तोच असतो.