पडद्यावरचा भामटा आणि रुसलेला लॅपटॉप

दुपारी घरातली सगळी माणसे आपापल्या कामाला गेली, की दारावर दोघेजण येतात. “ताई, दागिने उजळून देतो. आधी तांब्याचं भांडं चकाकवून दाखवतो, मग विश्वास ठेवा!” आता आपल्यापैकी कोणी त्यांना दारात उभे करत नाही. कुणाच्या पाटल्या गेल्या, कुणाची मोहनमाळ गेली, तेव्हा कुठे बायका शहाण्या झाल्या. पण हाच भामटा लॅपटॉपच्या पडद्यावरून आला, की चांगली शिकलेली बाईसुद्धा गडबडून जाते.

त्याची येण्याची रीत ठरलेली आहे. मुलाच्या प्रकल्पासाठी चित्र शोधताना, नाहीतर फुकटात सिनेमा दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर भलत्याच बटणावर बोट पडते आणि सगळा पडदा निळा किंवा लाल होतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरली जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा!’ वर मायक्रोसॉफ्टचे चार चौकोनांचे चिन्ह, खाली ठळक फोन नंबर, आणि भोंगा वाजावा तसा आवाज. फुलीवर कितीही दाबा, पान जात नाही.

मैत्रिणींनो, हे नुसते एक पान आहे, दुसरे काही नाही. इंटरनेटवरच्या पानाला आपल्या लॅपटॉपच्या पोटात शिरून व्हायरस तपासता येत नाही. जिन्यात ‘या घरात वाळवी आहे’ असा कागद चिकटवून जाणाऱ्याने घरात येऊन कपाटे थोडीच पाहिलेली असतात? सिनेमा बघताना पडदाभर चित्र दिसावे म्हणून ब्राउझरमध्ये जी सोय असते, तिचाच हा गैरवापर. आणि मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलेले आहे, की त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तेव्हा नंबर दिसला, की ओळखायचे.

आता यातून बाहेर कसे पडायचे? डाव्या कोपऱ्यातली एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. पडदाभर पसरलेले पान आकसते आणि मग ते बंद करता येते. तेवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या यादीत क्रोम किंवा एज, जे आपण वापरत असू ते निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमेना, तर सरळ पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. ‘बंद केलात तर सगळं नष्ट होईल’ ही निव्वळ धमकी असते. फार तर अर्धवट लिहिलेली चिठ्ठी जाईल. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारतो, ‘मघाची पाने परत उघडू का?’ त्याला नाही म्हणायचे, नाहीतर गेलेला पाहुणा परत ओसरीवर!

दुसरा प्रकार जरा चिवट असतो. कुठलेही पान उघडलेले नसताना उजव्या कोपऱ्यात सारख्या चौकटी येतात: व्हायरस सापडला, अँटिव्हायरसची मुदत संपली, वगैरे. आधी कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितलेले असते आणि घरातल्या कोणीतरी ते दाबलेले असते. (आमच्याकडे मुले काहीही दाबतात, तुमच्याकडेही दाबत असतीलच.) म्हणजे नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आपल्याच घरातून गेलेली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन अनोळखी नावे काढून टाकली, की हा त्रास थांबतो. दुकानात नेण्याची गरज नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस फार आदबीने बोलत होता, असे त्या म्हणाल्या. त्याने त्यांच्याकडून एनीडेस्क नावाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. हे सॉफ्टवेअर वाईट नव्हे, ऑफिसातली माणसे दूर बसून कामासाठी तेच वापरतात. पण ते चालू करून दिले, की पलीकडच्याच्या हातात आपला लॅपटॉप जातो. मग त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली. “मॅडम, बघा किती व्हायरस!” खरी गोष्ट अशी, की अगदी धडधाकट संगणकातसुद्धा ती यादी तशीच असते. बारीकसारीक अडखळल्याची ती रोजची नोंदवही. वहिनींनी ३,६०० रुपये भरले.

वहिनी काही भोळ्या नाहीत. भाजीवाल्याकडून पाच रुपयेसुद्धा जास्त जाऊ देणार नाहीत. मग असे का झाले? मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “अहो बाई, लॅपटॉप यांचा. संध्याकाळी आले की पहिलं वाक्य काय असेल? ‘तू काय दाबलंस?’ त्यापेक्षा म्हटलं पैसे गेले तरी चालतील, पण दुरुस्त होऊन जाऊ दे.” मला वाटते, या भामट्यांचे निम्मे काम घरातले हे एक वाक्यच करून ठेवते. बाई एकटी असते, कुणाला विचारायची तिला चोरी, आणि पलीकडचा माणूस तेवढा गोड बोलत असतो.

दोन दिवसांनी सकाळी त्यांचा लॅपटॉप सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ: सुरू करायला योग्य डिस्क सापडत नाही. वहिनी त्याच माणसाला पुन्हा फोन लावणार, तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली म्हणून बरे. बाजूला मुलीच्या शाळेचा पेन ड्राइव्ह तसाच खोचलेला होता. काही लॅपटॉप सुरू होताना आधी पेन ड्राइव्हमध्ये विंडोज शोधतात, तिथे ती नसते, आणि ते अडून बसतात. पेन ड्राइव्ह काढला, बटण दाबले, झाले! व्हायरसचा काही संबंध नव्हता.

पण मी त्यांना तिथेच सोडले नाही. एकदा परक्या माणसाच्या हातात लॅपटॉप गेला, की काही गोष्टी कराव्याच लागतात. इंटरनेट तोडून ते एनीडेस्क काढून टाकायचे, विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करायची (हा पहारेकरी विंडोजबरोबर फुकटच येतो), आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायचे. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवायचे आणि १९३० या नंबरवर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठी सरकारचाच हा नंबर आहे. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम मध्येच अडवण्याची शक्यता जास्त. वहिनींनी भावोजींना सांगून मगच तो फोन केला. भावोजी रागावले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाहीत.

लॅपटॉप सुरू न होण्याची बहुतेक कारणे अशीच साधी असतात. खरा बिघाड भोंगा वाजवत नाही, बिचारा गप्प बसतो. काहीच दिवा लागत नसेल, तर चार्जर दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहा. मग चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि पुन्हा चार्जर लावून सुरू करा. अडून बसलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्याने उठतात. पंखा ऐकू येतो पण पडदा काळा, अशा वेळी बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका टाका. पुसट चित्र दिसले, तर पडद्यामागचा उजेड गेलेला आहे, आतली सगळी माहिती शाबूत. टीव्हीला वायरने जोडून चित्र आले, तरी तेच. आतून टक्‌टक्‌ आवाज येत असेल, तर मात्र पुन्हापुन्हा सुरू करायच्या भानगडीत पडू नका. ती हार्ड डिस्कची घरघर असते, आधी फोटो वाचवायला हवेत.

निळा पडदा आला म्हणजे व्हायरस, हाही एक गैरसमज. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडून बसले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आठवत असेल. कारण काय, तर क्राउडस्ट्राइक या संरक्षण देणाऱ्या कंपनीनेच पाठवलेली एक सदोष फाइल! विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता अडली, की पुढच्या वेळी आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातले ‘स्टार्टअप रिपेअर’ निर्धास्तपणे करून पाहावे. ‘रीसेट’ला मात्र घाईने हात लावू नये. आणि ४८ अंकी बिटलॉकर की मागितली, तर तीही खरीच असते. जिच्या-ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप सुरू केलेला असतो, त्या खात्यात बहुधा ती सापडते. ती आजच वहीत उतरवून ठेवा. गॅसच्या कार्डाशेजारी ठेवली तरी चालेल.

शेवटी दुकानात न्यावेच लागले, तरी डोळे उघडे हवेत. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाच्या मोठ्या दुकानांच्या साखळीत संगणकाची मोफत तपासणी करून देत. त्यात आधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न: संगणक मंद चालतो का, अधूनमधून बंद पडतो का, असे. त्यातल्या एकालाही ‘हो’ म्हटले, की तपासणीत काहीही निघो, ‘व्हायरसची लक्षणे आढळली’ असा निकाल येई, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. २०१९ साली त्या कंपनीने अडीच कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. तेव्हा ‘व्हायरस आहे, सगळं उडवावं लागेल’ असे दुकानदार म्हणाला, तर कुठला व्हायरस, त्याचे नाव काय, आणि उडवण्याआधी फोटो, कागदपत्रे काढून देणार का, हे विचारा. खर्चाचा आकडा आधी लिहून घ्या. पासवर्ड द्यावाच लागला, तर घरी आल्यावर बदला. डिस्क बदलली असेल, तर जुनी डिस्क मागून आणा. ती बिघडली असली, तरी आपले फोटो अजून तिच्यातच असतात.