बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' वाचाच
केदारखेड्यातल्या वाचणाऱ्या मित्रांनो, बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हाती आलं तर सोडू नका. १८८८ साली निघालेलं हे मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी एक. 'यमुनापर्यटन' लिहिणारे तेच हे पदमनजी, जन्म १८३१, बेळगाव.

पदमनजी ख्रिस्ती कसे झाले, त्याची ही कहाणी. धर्मांतर म्हटलं की एका रात्रीतला चमत्कार डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नाही. मिशनची शाळा, वाद, शंका, असं करत करत १८५४ चा बाप्तिस्मा येतो. त्याआधी ते मुंबईच्या परमहंस सभेत होते. सभा गुप्त चाले. जात मानत नाही हे दाखवायला सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा, पण बाहेर कळलं तर जातीबाहेर! श्रद्धा कुठलीही असो, त्या काळाची ही हकिकत मला सर्वांत मोलाची वाटते. धर्मचर्चेची पानं जड जातात, तरी गाळू नका.

आपल्या जिल्ह्यात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री याच पिढीतले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा.

यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. तिथे १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि मागे राहिलेली बायको सगळं सांगते.