कारखान्यातील अवकाश व कल्याणसोयी

कामगारांच्या संख्येवरून कार्यशाळेतील किमान अवकाश आणि शौचालये, भोजनकक्ष, पाळणाघर इ. सोयींचे परिमाण ठरविण्याची रीत. भारतात तिला १९४८ चा कारखाने अधिनियम व त्याखालील राज्यांचे नियम यांचा आधार होता. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि या अधिनियमाची जागा तिने घेतली. गणनेमागील विचार मात्र जुन्या तरतुदींवरूनच अधिक स्पष्ट होतो.

१९४८ नंतर उभारलेल्या कारखान्यात दर कामगारामागे निदान १४.२ घ. मी. (पूर्वीच्या कारखान्यात ९.९ घ. मी.) अवकाश असणे आवश्यक होते. यात जमिनीपासून ४.२ मी. उंचीपर्यंतचाच अवकाश धरीत. ही मर्यादा महत्त्वाची आहे. ३० मी. लांब, १२ मी. रुंद व ६ मी. उंच अशा शाळेचे एकूण घनफळ २,१६० घ. मी. भरते व त्यावरून १५२ माणसे मावतील असे वाटते, परंतु ४.२ मी. पर्यंतचे घनफळ १,५१२ घ. मी. असल्याने प्रत्यक्षात १०६ कामगारच ठेवता येतात. छपराखालच्या उंच पोकळीचा खाली काम करणाऱ्याला श्वासासाठी फारसा उपयोग नसतो. छत ३ मी. वर असल्यास हीच संख्या ७६ वर येते.

घनफळ पुरेसे असले, तरी तेवढ्याने हवा शुद्ध राहत नाही. हलके काम करणारा माणूस तासाला सु. ०.०२ घ. मी. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. त्यामुळे पूर्ण बंद जागेत १४.२ घ. मी. हवेतील त्याचे प्रमाण तासाभरात सु. ०.१४ टक्क्याने वाढते आणि माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचविलेली ०.१ टक्क्याची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून वायुवीजनाची तरतूद स्वतंत्रपणे करावी लागते. शिवाय ४.२ मी. उंचीला १४.२ घ. मी. म्हणजे जमिनीवर जेमतेम ३.४ चौ. मी. जागा. यंत्र, माल व वाट हे सारे तीतच सामावते.

सोयींच्या गणनेत कोणती संख्या धरावयाची, हा खरा प्रश्न असतो. एखाद्या कारखान्यात तीन पाळ्यांत अनुक्रमे १८०, १४० व ८० कामगार आहेत, असे समजू. एकूण ४०० ही संख्या २५० हून अधिक असल्याने जुन्या अधिनियमाप्रमाणे उपाहारगृह आवश्यक ठरे. परंतु भोजनकक्षाचा आकार एका वेळी कामावर असणाऱ्यांच्या ३० टक्क्यांवरून, म्हणजे १८० पैकी ५४ जणांवरून काढीत. दर व्यक्तीस ०.९३ चौ. मी. धरल्यास सु. ५० चौ. मी. जागा लागे. शौचकूपांसाठीही मोठी पाळीच धरीत. तीत १५० पुरुष व ३० स्त्रिया असल्यास पहिल्या १०० पुरुषांसाठी दर २५ मागे एक याप्रमाणे चार, उरलेल्या ५० साठी एक आणि स्त्रियांसाठी दोन शौचकूप लागत. कारण २५ वरील पाच स्त्रियाही पूर्ण २५ मानल्या जात.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीची मागणी केली होती. सुटी मिळाली, तरी भाकरी यंत्रापाशीच बसून खावी लागली, तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. १५० हून अधिक कामगारांसाठी भोजनकक्ष सक्तीचा करताना कामाच्या जागी खाण्यास १९४८ च्या अधिनियमाने मनाई केली, ती योग्यच होती.

संख्येच्या अशा उंबरठ्यांचा एक दोष पाळणाघराच्या बाबतीत ठळकपणे दिसतो. १९७६ च्या दुरुस्तीने ते ३० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास लागू झाले. खर्चाचा संबंध केवळ स्त्रियांच्या संख्येशी जोडला गेल्याने त्यांची भरती ३० च्या आत ठेवण्याचा मोह मालकांना होणे साहजिक होते. नव्या संहितेत स्त्रीपुरुष मिळून ५० हून अधिक कामगार ही अट असल्याने हे कारण उरत नाही. उपाहारगृहाची अटही १०० कामगारांवर आली असून त्यांत कंत्राटी कामगार स्पष्टपणे मोजले जातात.