पुरस्कार घेतला म्हणून तोंड शिवायचे काय?

टीव्हीवर पुरस्काराचा सोहळा लागला की आमच्या वराळ्यात घरोघर जेवणे लांबतात. त्यात एखादा नट किंवा लेखक सरकारविषयी दोन कडक शब्द बोलला, की कुणीतरी म्हणतेच, "यांना कशाला हवं राजकारण? बक्षीस घ्यावं, नमस्कार करावा अन् खाली बसावं." असे म्हणणारे पुष्कळदा आपल्यातलेच असतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पु. ल. देशपांडे यांचे. १९९६ साली 'महाराष्ट्र भूषण' हा राज्याचा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो त्यांना. सरकार शिवसेना-भाजप युतीचे होते. सत्कार स्वीकारतानाच्या भाषणात पु.लं.नी सत्तेवरच्या मंडळींच्या तोंडी ठोकशाहीची भाषा येते याबद्दल खेद व्यक्त केला. शिवसेनाप्रमुखांना ते झोंबले. त्यांनी पु.लं.च्या नावावर जाहीर कोटी केली आणि पुरस्कार दिल्याचा पश्चात्तापही बोलून दाखवला.

पु.ल. काही आपल्या चळवळीतले नव्हते. पण ठोकशाही म्हणजे काय, ते पुढच्याच वर्षी आपल्या वस्तीने पाहिले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा जीव गेले. सरकार तेच होते.

"सरकारचे घेऊन सरकारवरच बोलतात," हा आक्षेप आम्हाला मुळातच पटत नाही. सरकारचा पैसा येतो कुठून? तळेगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा काडेपेटी घेतो, साबण घेतो, त्यावर कर भरतो. पुरस्कार त्याच्या पैशातून दिला जातो, मंत्र्याच्या खिशातून नव्हे. मग त्याच्या वतीने कुणी चार शब्द बोलले तर बिघडले काय? तथागतांनी सम्यक वाचा सांगितली, ती खरे बोलण्याची. सत्तेपुढे गोड बोलणे म्हणजे सम्यक वाचा नव्हे.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत २७ मार्च १९७३ रोजी 'द गॉडफादर'साठी मार्लन ब्रँडोला ऑस्कर जाहीर झाले. तो गेलाच नाही. त्याने सचीन लिटलफेदर या तरुणीला पाठवले. सिनेमावाले तिथल्या मूळ रहिवाशांना कसे रंगवतात याच्या निषेधार्थ पुरस्कार नाकारत असल्याचे तिने शांतपणे सांगितले. सभागृहात टाळ्या वाजल्या, हुर्योही उडवली गेली. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने तिची माफी मागितली ती २०२२ साली. मध्ये ४९ वर्षे गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती वारली. तिच्या वंशाविषयी मागाहून तिच्या बहिणींनीच शंका काढली, तो वाद निराळा. तिने मांडलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

आपल्या पुण्यातही २०१५ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्यांना पाठिंबा म्हणून आणि विचारवंतांच्या खुनांनंतर वाढलेल्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ काही चित्रपटकारांनी राष्ट्रीय पुरस्कार परत केले. त्यात आनंद पटवर्धन होते. रमाबाई नगरच्या गोळीबारावर आणि शाहीर विलास घोगरे यांच्यावर 'जय भीम कॉम्रेड' काढायला त्यांनी चौदा वर्षे घातली. असा माणूस पुरस्कार परत करतो तेव्हा त्याला नाटकी म्हणता येत नाही. बाकी नटमंडळींचे म्हणाल, तर मंचावर पाच मिनिटे तावातावाने बोलून दुसऱ्या दिवशी गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात करणारेही आहेत. त्यांना आम्ही नेते मानत नाही, आणि मोर्चाचे काम त्यांच्याकडून होणारही नाही.

भाषण न करताही बोलता येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात गाण्यापायी कोर्टात खेचला जाणारा लोकशाहीर उभा केला वीरा साथीदार यांनी. ते मुळात आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, नागपुरात ते कोरोनाने गेले. हा चित्रपट पोरांना घेऊन जरूर पाहावा. जरा संथ आहे, पहिला अर्धा तास धीर धरावा लागतो.