चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे!

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये ट्रेनिंगला गेलात, तर पहिलं काम मिळेल ते घासायचं. कास्टिंगचा छोटा तुकडा एमरी पेपरवर घासत बसायचं. २२०, ४००, ६०० करत १२०० पर्यंत. पेपर बदलला की तुकडा ९० अंशांत फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. मग कापडावर डायमंड पेस्ट. मायक्रोस्कोपखाली आधी ग्राफाइट बघायचं, नंतर नायटल लावून पर्लाइट आणि फेराइट. घाई केली तर ग्राफाइट उपटून निघतं किंवा त्यावर लोखंड पसरतं. मग चांगली हीटसुद्धा रिजेक्ट होऊ शकते! त्यामुळे या कामाला हमाली समजू नका.

सरफेस सायन्सवाले हेच काम फार पुढे नेतात. कास्टिंगमध्ये असंख्य ग्रेन असतात. त्यांना सिंगल क्रिस्टल लागतो, म्हणजे अख्खा तुकडा एकच ग्रेन. एक्स-रेने अणूंच्या रांगांची दिशा बघून तो नेमका कापतात.

एवढा खटाटोप कशाला? आपल्या उसाला लागणारा युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया बनतो लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर. जर्मनीच्या गेरहार्ड एर्टल यांनी लोखंडाच्या सिंगल क्रिस्टलवर नायट्रोजन कसा तुटतो ते तपासलं. लोखंड तेच, पण कापायची दिशा बदलली की वेग बदलतो! २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पृष्ठभागावरच्या अशाच कामासाठी मिळालं.

पण आरशासारखं पॉलिश झालं तरी वरचा थर आतून चुरगळलेला असतो, शिवाय ऑक्साइड आणि कार्बन. म्हणून व्हॅक्यूम चेंबरमध्ये आरगॉनच्या आयनांचा मारा करून वरचे अणू उडवतात. त्याने पृष्ठभाग खडबडीत होतो, म्हणून तापवतात. अणू परत जागेवर बसतात. गंमत म्हणजे तापवलं की लोखंडाच्या पोटातला गंधक वर येतो! परत मारा, परत तापवा. तापवायलाही मर्यादा आहे. ९१२ अंश सेल्सिअसला लोखंडाची रचनाच बदलते, आणि सगळ्या मेहनतीचा क्रिस्टल वाया.

व्हॅक्यूमही साधा चालत नाही. हवेचा दाब अब्जाव्या हिश्श्यावर आणला तरी एक-दोन सेकंदांत पृष्ठभाग वायूच्या रेणूंनी भरू शकतो. दाब अजून दहा हजार पटींनी उतरवला, की कामाला काही तास मिळतात.

शेवटी कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडून पडद्यावर ठिपके बघतात. ठिपके बारीक, ठसठशीत आणि मागे काळोख असेल तर जमलं. धूसर दिसले तर पुन्हा आरगॉन चालू करायचा.